गाठ पुरेशी लहान झाली नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही का?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मूत्राशयाजवळ गाठ निघाली आणि बायोप्सीत ‘एम्ब्रायोनल रॅब्डोमायोसार्कोमा’ (अर्धवट घडलेल्या स्नायूपेशींसारख्या पेशींचा कॅन्सर) असं निदान झालं. आजार इतरत्र पसरलेला नाही. केमोच्या चार सायकल झाल्या आणि बाराव्या आठवड्यात एमआरआय केला. गाठ ९ सेंटिमीटरची होती, ती ७.५ झाली. रिपोर्टच्या शेवटी ‘स्टेबल डिसीज’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, ठरल्याप्रमाणे आता रेडिएशन सुरू करू. पण शेजारच्या खाटेवर हॉजकिन लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरची, एक मुलगी आहे, तिचा स्कॅन दोन सायकलमध्येच स्वच्छ आला. माझ्या दिरांनी एक कागद आणून दाखवला, त्यात गाठ ठरावीक प्रमाणात लहान झाली नाही तर औषध बदलतात असं आहे. मिस्टर म्हणतात, दुसरीकडे जाऊ. मध्ये ताप आल्यामुळे एक सायकल आठ दिवस पुढे गेली होती. त्यामुळे तर हे झालं नसेल? मुलगा रोज विचारतो, ‘गाठ गेली का?’ त्याला काय सांगू?
– एक आई

उत्तर :

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी औषध निकामी ठरलं असं म्हणायला काहीही आधार नाही. तुमच्या मुलाच्या आजारात बाराव्या आठवड्याला गाठ किती लहान झाली, यावरून मूल पुढे बरं होणार की नाही हे सांगता येत नाही. हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास झालेत आणि त्यांचं उत्तर असं आलंय. पत्रावरून कुणी कुणाचे उपचार ठरवू नयेत, मीही ठरवणार नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं नक्की सांगते.

सुरुवात त्या ‘स्टेबल डिसीज’पासून करू, कारण तुमची झोप त्या दोन शब्दांनी उडवली आहे. वाचणाऱ्याला वाटतं की आजार जिथे होता तिथेच आहे, तीन महिन्यांची केमो फुकट गेली. पण हा शब्द मोजमापाच्या एका ठरावीक नियमातून येतो. ‘रेसिस्ट’ नावाचे निकष २००० साली आले आणि २००९ साली सुधारले गेले. त्यात गाठीची सर्वांत मोठी लांबी मोजतात. ती निदान ३० टक्के घटली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’, २० टक्के किंवा जास्त वाढली तर ‘प्रोग्रेशन’, आणि या दोन्हींच्या मधलं सगळं ‘स्टेबल’. तुमच्या मुलाची गाठ ९ वरून ७.५ झाली, म्हणजे लांबीत सुमारे १७ टक्के घट. तीस भरत नाहीत, म्हणून रेडिओलॉजिस्टने नियमाप्रमाणे ‘स्टेबल’ लिहिलं. त्यांचं काही चुकलेलं नाही.

मात्र गाठीला लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही असते. तिन्ही बाजूंनी ती याच प्रमाणात लहान झाली असेल, तर घनफळाचा हिशेब करून बघा. ७.५ भागिले ९ म्हणजे ०.८३. या आकड्याला त्याच आकड्याने दोनदा गुणलं की ०.५८ येतात. म्हणजे मूळ गाठीचा ५८ टक्के भाग उरला आणि ४२ टक्के गेला. ज्या रिपोर्टमध्ये ‘स्टेबल’ लिहिलंय, त्याच रिपोर्टमध्ये गाठीचा पाचातला दोन भागांहून जास्त ऐवज नाहीसा झालेला आहे. लांबी निम्मी झाली तर घनफळ आठवा हिस्सा उरतं, हे कुणी समोर बसून सांगितलं नाही तर आपल्या लक्षात येत नाही. प्रत्येक गाठ चेंडूसारखी गोल नसते, म्हणून तिन्ही मापं मागून घ्या आणि घनफळ किती घटलं ते विचारा. मुलांच्या गाठींसाठी घनफळाचं माप जास्त बोलकं असतं, असं माझं मत आहे. मोठ्या माणसांच्या कॅन्सरवरून बेतलेली एका लांबीची पट्टी मुलांच्या पोटातल्या वेड्यावाकड्या गाठींना नीट बसत नाही.

मोजमापातच आणखी एक गोम आहे. मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं, छेद कुठल्या दिशेने घेतले, मोजणारी व्यक्ती तीच होती की दुसरी, यावर काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात. म्हणून शक्यतो दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी ठेवून एकाच रेडिओलॉजिस्टने बघावेत.

आता मुख्य मुद्दा. रॅब्डोमायोसार्कोमाची जी गाठ सुरुवातीला काढता येत नाही, फक्त तिची बायोप्सी घेतली जाते, अशा मुलांवर अमेरिकेतल्या ‘चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप’ या संस्थेने अभ्यास केले. २००७ साली आठव्या आठवड्यातल्या स्कॅनबद्दलचे निष्कर्ष आले आणि २०१४ साली बाराव्या आठवड्याच्या सुमाराच्या स्कॅनबद्दलचे. ज्यांची गाठ स्कॅनवर पूर्ण दिसेनाशी झाली, ज्यांची बरीच लहान झाली आणि ज्यांची फारशी हलली नाही, त्यांच्या पुढच्या वाटचालीत या आकुंचनामुळे फरक पडलेला दिसला नाही. युरोपातल्या ‘एमएमटी ९५’ नावाच्या अभ्यासातून २०१८ साली आलेलं चित्रही असंच होतं. अपवाद एकच. औषध चालू असताना ज्यांची गाठ वाढली, त्यांचं भवितव्य खरोखर वेगळं होतं. वाढणं आणि कमी आटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मुलाची गाठ वाढलेली नाही.

एवढंच नाही. २००९ साली याच आजारात सगळे उपचार संपल्यानंतरच्या स्कॅनचाही अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार संपले तरी काही मुलांच्या स्कॅनवर काहीतरी शिल्लक दिसत होतं. त्यांची आणि स्वच्छ स्कॅनवाल्या मुलांची तुलना केली, तर इथेही फारसा फरक निघाला नाही. तेव्हा आणखी काही महिन्यांनी, सगळं संपल्यावर, रिपोर्टमध्ये ‘अवशेष’ असा उल्लेख आला तर तेव्हाही लगेच हातपाय गाळू नका. आत्ताच सांगून ठेवते.

असं का होतं? स्कॅन जागा दाखवतो, जिवंतपणा दाखवत नाही. केमोने पेशी मेल्या तरी त्यांचा ऐवज शरीराने उचलून न्यायला वेळ लागतो. घर पाडलं तरी राडारोडा हलेपर्यंत जागा मोकळी दिसत नाही, तसं आहे हे. मेलेल्या पेशींच्या जागी व्रणासारखा तंतुमय भाग तयार होतो, कुठे पाणी साठतं. शिवाय रॅब्डोमायोसार्कोमाची स्वतःची एक खासियत आहे. त्याच्या पेशी स्नायूंच्या वाटेवर अर्धवट अडकलेल्या असतात. उपचारांनंतर त्यातल्या काही पिकतात, स्नायूपेशींसारख्या दिसू लागतात आणि वाढणं थांबवतात. मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या गाठींत हे बऱ्याचदा आढळतं. अशा पिकलेल्या पेशी जागा अडवतात, म्हणून स्कॅनवर गाठ ‘आहे’ असं दिसतं. उपचारांनंतर बायोप्सीत फक्त त्याच सापडल्या, तर मूत्राशय काढून टाकण्याची घाई न करता नीट लक्ष ठेवतात.

उलट बाजूही खरी आहे. ढोबळ हिशेबाने एक घन सेंटिमीटर गाठीत शंभर कोटी पेशी असतात. त्यातल्या हजारात नऊशे नव्याण्णव मेल्या तरी दहा लाख उरतात, आणि तेवढ्या कुठल्याही स्कॅनला दिसत नाहीत. म्हणून ज्याची गाठ दिसेनाशी झाली, त्याचेही उपचार अर्ध्यावर थांबवत नाहीत.

आणि बाराव्या आठवड्यानंतर उपचार थांबतात कुठे? पुढे रेडिएशन असतं, कुठे शस्त्रक्रिया, कुठे दोन्ही, आणि मग कित्येक महिने केमो. माझ्या मते सुरुवातीच्या आकुंचनाचं महत्त्व पुसलं जाण्याचं मोठं कारण हेच असावं. ज्याची गाठ कमी आटली, त्याच्या उरलेल्या गाठीवरही रेडिएशन पडतं.

एक सावधगिरीची ओळ इथे घालायला हवी, नाहीतर माझंच बोलणं सरसकट होईल. डोळ्याच्या खोबणीत ही गाठ असलेल्या आणि ज्यांना मुद्दाम कमी तीव्रतेचे उपचार दिले गेले अशा मुलांमध्ये, केमोनंतर गाठ पूर्ण गेली की नाही याला महत्त्व असल्याचं दिसलं आहे. उपचार हलके केले की सुरुवातीचा प्रतिसाद पुन्हा बोलू लागतो. तुमच्या मुलाची जागा वेगळी आणि उपचारही वेगळे, म्हणून हे त्याला लागू करू नका.

आता दिरांनी आणलेला कागद. तो खोटा नाही. युरोपातल्या प्रोटोकॉलमध्ये तीन सायकलनंतर स्कॅन करून, गाठीचं घनफळ एक तृतीयांशही कमी झालं नसेल तर दुसऱ्या औषधांचा विचार करायचा, अशी पद्धत राहिलेली आहे. मी वर सांगितलेल्या अभ्यासांमुळे या पद्धतीबद्दलच प्रश्न उभे राहिले. पण तो वाद क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याच नियमाने तुमच्या मुलाकडे बघा. एक तृतीयांश म्हणजे ३३ टक्के. त्याचं घनफळ, गाठ सगळीकडून सारखी आटली असेल तर, सुमारे ४२ टक्के घटलंय. म्हणजे दिरांच्या कागदाच्या हिशेबानेही तो औषध बदलण्याच्या गटात बसत नाही. बहुधा त्यांनी लांबीतले १७ टक्के घेतले आणि घनफळाच्या नियमाशी ताडून पाहिले. ही गफलत शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते. त्यांना हा हिशेब कागदावर करून दाखवा. माणूस काळजीपोटी शोधाशोध करतोय, त्याला गप्प बसवू नका.

‘औषध बदललं तर निदान काहीतरी केल्यासारखं होईल’ ही भावना मी समजू शकते. पण या बाबतीत कॅन्सरचा अनुभव थोडा कठोर आहे. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमामध्ये केमोनंतर काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ९० टक्के किंवा त्याहून जास्त पेशी मेलेल्या असतील तर प्रतिसाद चांगला, कमी असतील तर कमकुवत मानतात, आणि त्या आजारात हा फरक पुढचं भवितव्य खरोखर सांगतो. मग साहजिक विचार आला की कमकुवत प्रतिसादवाल्यांना आणखी दोन औषधं वाढवून देऊ. ‘युरॅमॉस-१’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते करून पाहिलं. २०१६ साली निकाल आले. औषधं वाढवल्याने मुलं जास्त बरी झाली नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढले. प्रतिसाद पाहून भाकीत करता येणं ही एक गोष्ट, आणि उपचार बदलून ते भाकीत खोटं पाडता येणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. रॅब्डोमायोसार्कोमात तर भाकिताचाच पाया डळमळीत आहे. तिथे नेहमीच्या तीन औषधांमध्ये टोपोटेकॅन हे चौथं घालूनही पाहिलं गेलं. २००९ साली आलेल्या त्या निकालात चार वर्षांनंतर आजार परत न आलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७३ टक्के आणि नव्यात ६८ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने गणण्याजोगा नव्हता. म्हणजे नव्या औषधाने फायदा दिला नाही.

फायदा कशाने दिला, ते बघा. २०१९ साली युरोपातल्या एका चाचणीचा निकाल आला. जास्त जोखमीच्या रॅब्डोमायोसार्कोमाची ३७१ मुलं आणि तरुण त्यात होते. नेहमीचे उपचार संपल्यावर अर्ध्यांचं औषध थांबवलं. उरलेल्या अर्ध्यांना आणखी सहा महिने सौम्य केमो दिली, शिरेतून व्हिनोरेलबिन आणि रोज तोंडाने थोडं सायक्लोफॉस्फामाइड. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेलं. सुरुवातीला घाबरून जोर वाढवण्यापेक्षा शेवटी चिकाटीने चालू ठेवण्याने जास्त मिळालं. ही ‘मेंटेनन्स’ केमो तुमच्या मुलाच्या आराखड्यात आहे का, नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. औषध बदलण्यापेक्षा हा प्रश्न मला दसपट मोलाचा वाटतो.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीबद्दल. तिचा स्कॅन स्वच्छ आला, आनंदच आहे, आणि हॉजकिन लिम्फोमात त्या स्कॅनला खरोखर वजन आहे. तिथे दोन सायकलनंतर पेट स्कॅन करतात आणि गाठीतल्या पेशी अजून किती साखर खेचताहेत ते १ ते ५ अशा ‘डोव्हिल’ पट्टीवर मोजतात. प्रतिसाद चांगला असेल तर बऱ्याच मुलांचं रेडिएशन टाळता येतं. म्हणजे त्या आजारात सुरुवातीचा प्रतिसाद पुढचे उपचार ठरवतो. तुमच्या मुलाच्या आजारात तो ते काम करत नाही. वॉर्ड एक, बाटल्या सारख्या, केस गळणं सारखं, म्हणून आजारही एकच वाटतो. पण मुलांचे कॅन्सर एकमेकांपासून फार लांबचे असतात.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, गाठीचा प्रश्नच नाही. तिथे पहिल्या महिन्याअखेर दहा हजारांत एक तरी वाईट पेशी उरली आहे का, हे मोजतात, आणि तो आकडा भवितव्याचा फार भरवशाचा निदर्शक आहे. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये तर उलटाच खेळ असतो. युरोपच्या पद्धतीत शस्त्रक्रियेआधी चार आठवडे केमो देतात. काही गाठी त्या काळात जेमतेम हलतात, कारण त्या मुळातच शांत स्वभावाच्या पेशींच्या असतात, आणि त्या मुलांचं पुढे उत्तम चालतं. दुसऱ्या काही गाठी झपाट्याने आटतात, पण तपासणीत उरलेला भाग मुख्यतः ‘ब्लास्टेमल’ पेशींचा निघाला, म्हणजे औषधाला पुरून उरलेल्या पेशींचा, तर ते मूल जास्त जोखमीच्या गटात जातं. भरपूर आटलेली गाठ जास्त जोखमीची आणि न आटलेली कमी जोखमीची, असं तिथे घडू शकतं. जनन-पेशींच्या काही गाठींत रक्तातले मार्कर, म्हणजे गाठीची खूण सांगणारे घटक, खाली येत असताना गाठ चक्क मोठी होते, कारण वाईट पेशी मरतात आणि केमोला न बधणारा टेराटोमाचा सौम्य भाग वाढत राहतो. तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या गाठींत तर ‘स्टेबल’ हा शब्द ऐकायला डॉक्टर आतुर असतात.

म्हणून इतर पालकांशी बोला, एकमेकांना आधार द्या, पण स्कॅनचे आकडे ताडून बघू नका. ती सवय वॉर्डात सगळ्यांनाच लागते आणि त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

मग तुमच्या मुलाचं भवितव्य कशावर अवलंबून आहे? गाठीचा प्रकार, ‘फॉक्सो-१’ जनुकाचा बिघाड आहे की नाही, गाठ शरीरात कुठे आहे, सुरुवातीला ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी होती का, लसीकाग्रंथीत किंवा दूर कुठे पसरली आहे का, आणि मुलाचं वय. यातल्या काही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एम्ब्रायोनल प्रकार, पसरलेला नाही, आणि एक ते नऊ वर्षं हे वय या आजारात तुलनेने चांगलं मानतात. काही गोष्टी बाजूने नाहीत. मूत्राशय-प्रोस्टेटची जागा अवघड गटात मोडते आणि सुरुवातीचा आकार मोठा होता. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मात्र हे सगळं पहिल्या दिवशीही असंच होतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी आराखडा बहुधा हे धरूनच आखलेला आहे. या एमआरआयने त्यात नवी वाईट बातमी घातलेली नाही. फॉक्सो-१ची तपासणी झाली आहे का, एवढं मात्र फाईल उघडून पाहा.

गाठ लहान होण्याचा उपयोगच नाही असंही नाही. तो सर्जनला आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना होतो. गाठ आजूबाजूच्या अवयवांवरून मागे हटली की मूत्राशय वाचवून शस्त्रक्रिया करणं शक्य होतं का, आतड्याचा कमी भाग रेडिएशनच्या वाटेत येईल का, हे बदलतं. म्हणून ‘गाठ किती टक्के आटली’ यापेक्षा ‘आता ती कशाला चिकटलेली आहे आणि कशापासून सुटली आहे’ हे विचारा.

रेडिएशनला उशीर करू नका. दुसरं मत घेण्यात गैर काहीच नाही. मिस्टरांना म्हणावं, जरूर घेऊ, पण फाईल, बायोप्सीच्या स्लाइड आणि दोन्ही एमआरआय घेऊन, याच आठवड्यात, आणि इथल्या तारखा न मोडता. मत घेणं वेगळं आणि उपचारांची जागा मध्येच बदलणं वेगळं. जागा बदलताना आठवडे जातात, आणि नेमके हेच आठवडे मोलाचे आहेत. शक्यतो जिथे मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर, सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणचं मत घ्या. एकट्या डॉक्टरचं मत या जागेच्या गाठीला अपुरं पडतं.

उरलेल्या गाठीवर साधारणपणे ५०.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) इतकी मात्रा देतात, ती २८ भागांत, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे साडेपाच-सहा आठवडे. मूल निश्चल पडून राहणं गरजेचं असतं. सहा वर्षांची काही मुलं सरावाने राहतात, काहींना रोज थोडी भूल लागते. ओटीपोटावर रेडिएशन असल्यामुळे अंडकोष त्याच्या वाटेतून कसे वाचवणार आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेचं काय, हे आत्ताच विचारा. संकोच वाटेल, पण तुमच्या मुलाच्या पंचविसाव्या वर्षाचा प्रश्न आज तुम्हालाच विचारावा लागणार आहे. डॉक्टर नेहमी आपणहून हा विषय काढतातच असं नाही.

पुढे गेलेल्या सायकलबद्दल. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, ताप येतो, सायकल पुढे जाते. हे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत कधी ना कधी घडतं. काऊंट खाली असताना आणि अंगात ताप असताना सायकल रेटली असती, तर तो धोका कितीतरी मोठा होता. तुम्ही त्याला वेळेवर दवाखान्यात नेलंत, अँटिबायोटिक मिळालं, तो बरा झाला. त्या आठ दिवसांचा हिशेब मनातून काढून टाका.

मुलाला खरं सांगा, त्याच्या मापाचं. ‘गाठ लहान झाली. औषधाने काम केलं. थोडी उरली आहे, तिच्यासाठी आता वेगळं मशीन आहे. ते लागताना दुखत नाही.’ ‘गेली’ असं म्हणू नका. उद्या रेडिएशनला नेताना त्याला वाटेल की आई खोटं बोलली, आणि पुढच्या महिन्यांत तुमच्या शब्दावरचा त्याचा विश्वास तुम्हाला फार लागणार आहे. ‘कधी जाणार?’ असं विचारलं तर ‘ते डॉक्टरांनाही आत्ता माहीत नाही, पण कळलं की मी तुला आधी सांगेन’ हे उत्तर चालतं. मुलं अर्धवट उत्तर पचवतात, बदललेलं उत्तर त्यांना पचत नाही.

पुढच्या भेटीला दोघंही जा, जमलं तर दिरांनाही न्या. प्रश्न घरूनच लिहून न्या आणि एकाने उत्तरं लिहून घ्या. तिघांनी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकली की घरातले निम्मे वाद मिटतील.

काही गोष्टींसाठी मात्र भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब दवाखाना गाठा. ताप उतरवायचं औषध देऊन थांबू नका. लघवी अडली, थेंब थेंब होऊ लागली किंवा लघवीतून रक्त आलं, शौच बंद होऊन पोट फुगलं, पायात जोर कमी वाटू लागला किंवा पाय सुजला, तर त्याच दिवशी फोन करा.